स्कॉर्पिओला आफ्टरमार्केट एअर इनटेक बसवावा का? नाशिकची धूळ, इगतपुरीचा पाऊस आणि फिल्टरची निवड

द्राक्षबाग१५

नमस्कार मंडळी,

गाडी स्कॉर्पिओ, २०१६ ची, २.२ एमहॉक डिझेल, १२० पीएस, मॅन्युअल. राहायला गंगापूर रोडला, बाग दिंडोरी तालुक्यात. ऑक्टोबर छाटणी ते माल निघेपर्यंत बागेवर जवळजवळ रोज चक्कर असते आणि त्यातला शेवटचा पट्टा मुरमाचा आहे. पुढे ट्रॅक्टर असला की काचेतून काही दिसत नाही. शहरात २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, त्यामुळे डांबरी रस्त्यावरही धूळच. पावसाळ्यात त्र्यंबक, इगतपुरी, घोटी हा पट्टा ठरलेला.

एअर फिल्टर बदलायला आलाय. त्या निमित्ताने काहीतरी चांगलं, टिकाऊ बसवावं असा विचार आहे. दुकानात तीन गोष्टी सांगितल्या. मूळच्याच डब्यात बसणारा धुण्याजोगा कॉटनचा फिल्टर, किंवा डबा काढून पाइपसकट उघडा कोन फिल्टर, किंवा स्नॉर्केल, म्हणजे छताच्या उंचीवरून हवा घेणारी बाहेरची नळी. कोनने पिकअप आणि अॅव्हरेज दोन्ही वाढतं असं दुकानदाराचं म्हणणं. बजेटची फार ओढाताण नाही, पण इंजिन माझ्याकडे आणखी बरीच वर्षं चालायला हवंय. ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पेट्रोलवेडा

मूळ डब्यातला के अँड एन कंपनीचा धुण्याजोगा कॉटनचा पॅनेल (सपाट) फिल्टर माझ्या पेट्रोल गाडीत बरीच वर्षं आहे. थ्रॉटल दाबल्यावर आवाज थोडा मोकळा येतो, मला आवडतो. एकदा घेतला की दर वेळी नवा घ्यायची कटकट नाही, धुवायचा आणि तेल लावायचं. माझा सगळा वापर मात्र शहर आणि मुंबई हायवे. मुरमाचा रस्ता माझ्या वाट्याला येत नाही.

घाटवाट

उघडा कोन नको. बाकीचं सकाळी लिहितो, पण तोवर पैसे देऊन येऊ नका.

सातपूरकर

द्राक्षबाग, धागा वेळेवर काढलात. माझी नोकरी ऑटो पार्टच्या क्वालिटी विभागात गेली, त्यामुळे थोडं आकड्यांनी लिहितो. लांबेल, पण वाचा.

आधी इंजिन किती हवा ओढतं ते बघू. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा घेतं. २.२ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला ढोबळमानाने मिनिटाला २२०० लिटर, म्हणजे तासाला सव्वा लाख लिटरच्या वर. हा हिशोब टर्बोचा, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंख्याचा, दाब न धरता आहे. घाटात हा दाब, म्हणजे बूस्ट, पूर्ण असताना तो दुपटीच्या आसपास जातो. एवढी हवा ज्या धुळीतून येते, ती सगळी धूळ त्या एका डब्यात अडली पाहिजे.

आता आपली धूळ कसली? आपल्याकडचा खडक बेसाल्ट. खडी क्रशरची भुकटी, मुरूम, उन्हाळ्यात उडणारी काळी माती, सगळं त्याच खडकातून आलेलं. त्यातली फेल्डस्पारसारखी खनिजं मोह्‌सच्या मापावर ६ च्या आसपास, क्वार्ट्झ असेल तर ७. साधं पोलाद या कठीणपणाच्या मापावर त्याच्याखाली येतं. डोळ्यांना दिसणारी मोठी धूळ कोणताही फिल्टर अडवतो. पिस्टन रिंग आणि बेअरिंगला खाते ती साधारण ५ ते २० मायक्रॉनची, कारण तेलाच्या थराची जाडी त्याच पट्ट्यात येते आणि कण दोन पृष्ठभागांच्या मधे सापडतो.

फिल्टर तपासण्यासाठी आयएसओ ५०११ ही चाचणी आहे. ठरलेली प्रमाणित धूळ ठरलेल्या वेगाने फिल्टरवर सोडतात आणि पलीकडे किती गेली ते मोजतात. चांगला कागदी फिल्टर तिथे ९९ टक्क्यांच्या वर असतो, बऱ्याचदा ९९.५ च्या पुढे. तेल लावलेले कॉटन फिल्टर साधारण ९६ ते ९९ च्या मधे. दुकानात हे ऐकलं की वाटतं, दोन-अडीच टक्क्यांचा तर फरक. तो उलटा वाचा. फिल्टरवर १०० ग्रॅम धूळ आली असं धरा. ९९.५ वाला अर्धा ग्रॅम आत सोडतो, ९७ वाला तीन ग्रॅम. इंजिनात सहापट धूळ गेली. शहरात गाडी चालवणाऱ्याकडे मुळात १०० ग्रॅम धूळ यायलाच फार काळ लागतो, म्हणून पेट्रोलवेडा यांचा अनुभव चांगला आहे आणि तो खराही आहे. तुमच्या मुरमाच्या रस्त्यावर हिशोब वेगळा होतो.

निफाडकर_शेतकरी

सातपूरकर काका, लय भारी समजावलं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ होता. खाली तेलाची वाटी, हवा तेलावर आपटून वळायची, माती तेलात बसायची. वडील पेरणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी वाटी उघडून बघायचे, तळाला चिखल दिसला की तेल बदलायचे. वर आणखी एक प्लॅस्टिकचं भांडं, त्यात मोठी माती आधीच खाली पडायची. त्या इंजिनचं काम पहिल्यांदा निघालं ते फार उशिरा. एसयूव्हीला असं वरचं भांडं बसतं का?

घाटवाट

बसतं, त्यावर येतो. आधी कोन.

उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली बसतो आणि बॉनेटखालचीच हवा ओढतो. मूळ गाडीत हवेचं तोंड हेडलाइट-फेंडरच्या बाजूला ठेवलेलं असतं, बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून. म्हणजे ज्याला दुकानात कोल्ड एअर इनटेक म्हणतात ते कंपनीने दिलेलंच आहे. आता एप्रिलमधला द्वारका सर्कलचा ट्रॅफिक घ्या. बाहेर ४० अंश, बॉनेटखाली ७५ धरा. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या उलट प्रमाणात, म्हणजे ३१३ भागिले ३४८. जवळपास १० टक्के हवा वजनाने कमी. टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) त्यातलं बरंचसं भरून काढतात, पण त्यासाठी टर्बोला जास्त फिरावं लागतं. फायदा म्हणून बसवलेली वस्तू टर्बोचं काम वाढवते.

दुसरं, कोनभोवती डबा नाही. पावसात पुढच्या चाकांनी उडवलेलं पाणी, धुळीत पंख्याने ओढलेली सगळी माती थेट फिल्टरवर. घोटीच्या पुढे जुलैमध्ये जो पाऊस असतो त्यात असा फिल्टर ओला होणारच.

आवाज मात्र जबरदस्त येतो. टर्बोची शिट्टी केबिनमध्ये ऐकू येते आणि माणसाला वाटतं गाडी पळतेय. मूळ पाइपवर जो प्लॅस्टिकचा फुगीर डबा असतो, रेझोनेटर, तो हाच आवाज दाबण्यासाठी असतो. कोन किटमध्ये तो निघतो. पिकअप वाढल्याची बहुतेक हकीकत इथेच संपते.

रॅलीवेडा

थोडा असहमत. नाशिकला रॅलीची जुनी परंपरा आहे, इथल्या पोरांनी काय काय इंजिनं बांधली ती जवळून पाहिली आहेत. मोकळ्या इनटेकने फरक पडतो, नक्की पडतो. पण तिथे पूर्ण इंजिन ट्यून केलेलं असतं, एक्झॉस्ट, मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं इंधन-हवेचं गणित), सगळं. आणि रॅलीचं इंजिन दर काही इव्हेंटनंतर उघडलं जातं. फिल्टरमधून थोडी धूळ गेली तरी रिंगा बदलायच्या आहेतच. कोन वाईट म्हणू नका, तो दुसऱ्या कामासाठीचा आहे असं म्हणा. द्राक्षबाग यांच्या स्टॉक गाडीत मीही सुचवणार नाही.

घाटवाट

मान्य. असंच म्हणायला हवं होतं.

सातपूरकर

रॅलीवेडा, तुमच्या मुद्द्याला धरूनच पुढचं. स्टॉक टर्बो डिझेलमध्ये ताकद कोण ठरवतं? ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. किती डिझेल सोडायचं, किती बूस्ट ठेवायचा हे त्यात लिहिलेलं आहे. हवा थोडी सोपी आली तर ईसीयू टर्बोच्या पाकळ्या तेवढ्या सैल करतो आणि बूस्ट ठरलेल्या आकड्यावरच ठेवतो. मॅप बदलल्याशिवाय मोठा फरक पडण्याची जागाच नाही.

आणि मूळ फिल्टर खरंच किती अडवतो ते कोणालाही घरी मोजता येतं. अंदाजावर का बोलायचं? हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणा. लाकडी पट्टीवर यू आकारात बांधा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक मोकळं, दुसरं फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या पाइपला. बऱ्याच पाइपांना तिथे व्हॅक्यूम नळीची जोडणी असते, तिथून टी काढता येतो. काम झालं की जोडणी होती तशी घट्ट लावायची. शेजारी बसणाऱ्याने पट्टी सरळ धरायची, चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचं. पूर्ण थ्रॉटलला पाणी किती सेंटिमीटर सरकलं, दोन्ही बाजूंतला फरक वाचायचा.

हा आकडा लावायचा कसा? समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०.३ मीटर पाण्याच्या उंचीइतका. नाशिक ६०० मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणून इथे साडेनऊ मीटरच्या थोडं वर. म्हणजे १० सेंटिमीटर पाणी हे एकूण दाबाच्या जेमतेम १ टक्का. नव्या फिल्टरला तुमचं पाणी १० सेंटिमीटर सरकलं असं समजा. मग जगातला सगळ्यात मोकळा फिल्टर लावला, किंबहुना फिल्टरच काढून टाकला, तरी त्यातून मिळणारं जास्तीत जास्त १ टक्का. आणि त्या १० सेंटिमीटरमध्ये डबा, वळणं, पाइप सगळ्यांचा वाटा आहे, एकट्या कागदाचा नाही. मोठ्या डिझेल इंजिनांना तर मळलेल्या फिल्टरसकट २५ इंच पाण्यापर्यंत, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या वर, चालतं असं इंजिन बनवणारेच सांगतात. गाडीचं मॅन्युअल पाहा, आपापल्या इंजिनची मर्यादा वेगळी असेल.

द्राक्षबाग१५

हे फारच उपयोगी. नळीचं मी नक्की करतो. म्हणजे पिकअपचा विषय जवळपास संपलाच. मग अॅव्हरेज?

सातपूरकर

डिझेलमध्ये थ्रॉटलने हवा कोंडून वेग ठरत नाही, इंधनाच्या मात्रेने ठरतो. त्यामुळे बरा फिल्टर काढून त्याहून मोकळा लावला तर अॅव्हरेजमध्ये मोजता येईल असा फरक अपेक्षित धरू नका. पूर्ण चोंदलेला फिल्टर बदलला तर फरक पडतो, काळा धूरही कमी होतो. पण तो नव्या कागदानेही पडेल.

मालेगाव४१

कॉटनवाल्यांना एक विचारायचंय. तेल जास्त झालं तर एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) खराब होतो का हो? इकडे एका गाडीत तसंच निघालं, काळा धूर, गाडी ओढेना, चेक इंजिनचा दिवा.

सातपूरकर

होतो. फिल्टरच्या लगेच पुढे जो सेन्सर असतो तो तापलेल्या पातळ पट्टीवरून जाणारी हवा मोजतो. पट्टी किती थंड होते त्यावरून हवेचं वजन कळतं. तिच्यावर तेलाचा थर आणि त्यावर धूळ बसली की ती कमी थंड होते आणि सेन्सर हवा कमी दाखवतो. त्याच आकड्यावरून ईसीयू धुराची मर्यादा आणि ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) चालवतो, त्यामुळे सगळं बिघडत जातं. एमएएफचा वेगळा क्लीनर स्प्रे मिळतो, त्याने बहुतेक वेळा काम होतं. कार्बोरेटर क्लीनर मारू नका आणि पट्टीला बोट किंवा कापड लावू नका.

कोन किटमध्ये याच सेन्सरचा आणखी एक घोटाळा. सेन्सर ज्या नळीत बसतो तिच्या व्यासावर त्याचं गणित बेतलेलं असतं. किटमधली नळी थोडी जरी जाड-बारीक असली किंवा सेन्सरच्या अगदी आधी वळण आलं, तर आकडा चुकतो. बीएस६ डिझेलवाल्यांनी तर हे फार सांभाळावं, डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरमध्ये) काजळी किती साठली याचा अंदाजही ईसीयू हवेच्या याच आकड्याच्या आधारे बांधतो.

पेट्रोलवेडा

कॉटन धुण्याची पद्धत लिहितो, कारण बिघाड बहुतेक तिथेच होतो. फक्त त्याच कंपनीचा क्लीनर, पेट्रोल-डिझेलमध्ये बुडवायचा नाही. स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे हलक्या पाण्याने धुवायचा. ड्रायर, कॉम्प्रेसर, ऊन यांपैकी काही नाही, सावलीत आपोआप वाळू द्यायचा. मग प्रत्येक घडीवर तेलाची एक बारीक धार, आणि तेल पसरेपर्यंत थांबायचं. फिकट राहिलेल्या जागी थोडं आणखी. जास्तीचं तेल टिपून घ्यायचं. नाशिकच्या पावसाळ्यात नीट वाळायला वेळ लागतो, म्हणून मी धुणं पावसाआधी किंवा दिवाळीच्या सुमारास करतो.

निफाडकर_शेतकरी

आणि कागदी फिल्टर पंक्चरवाल्याकडे हवा मारून साफ करतात ते? आमच्याकडे सगळे तेच करतात.

अंजनेरी_ट्रेल

दादा, ते बंद करा. मी स्वतः थार चालवते, फिल्टर स्वतःच बघते. टायरच्या कॉम्प्रेसरचा दाब कागदासाठी खूप जास्त असतो. घडीच्या टोकाला केसाएवढी चीर पडते, ती वरून दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत टॉर्च धरून बाहेरून पाहा, प्रकाशाचा ठिपका दिसला तर फिल्टर फेकायचा. मॅन्युअलमध्ये हवा मारायला परवानगी असेल तरच, तीही कमी दाबाने, स्वच्छ बाजूकडून बाहेर, नोझल लांब धरून.

आणखी एक गोष्ट कमी जणांना माहीत असते. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच बारीक कण अडवायला मदत करतो. म्हणजे थोडा वापरलेला कागद अगदी नव्या कागदापेक्षा चांगलं गाळतो. दर आठवड्याला उघडून झटकणाऱ्याचं दुहेरी नुकसान. थर जातो, आणि डबा उघडताना रबराच्या कडेवरची माती स्वच्छ बाजूला पडते.

सातपूरकर

ताई, शंभर टक्के. रबराच्या कडेचा मुद्दा तर मला वरच लिहायचा होता. आम्ही पार्ट तपासायचो तेव्हा फिल्टरच्या कागदाइतकंच कडेच्या मापाकडे लक्ष असायचं. कागद कितीही उत्तम असो, कड एका कोपऱ्यात नीट बसली नसेल तर हवा सोपा रस्ता शोधते आणि न गाळता आत जाते. आफ्टरमार्केट पॅनेल घेताना हीच पहिली तपासणी. जुना आणि नवा एकमेकांवर ठेवा, लांबी-रुंदी, कडेची जाडी, रबराचा मऊपणा बघा. डब्याच्या क्लिपा तुटल्या असतील तर आधी त्या बदला, फिल्टर नंतर. तारेने बांधलेले डबे मी खूप पाहिलेत.

बसवल्यावर काही दिवसांनी फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये पांढरं कापड फिरवा. बारीक मातीची रेघ दिसली तर कुठूनतरी गळतंय. पाइपचा जोड, क्लॅम्प, टर्बोच्या तोंडापर्यंत सगळं तपासा. टर्बोच्या कॉम्प्रेसर चाकाच्या पात्यांची पुढची धार बोथट, खरखरीत झालेली असेल तर धूळ बऱ्याच काळापासून जातेय. आणि ज्यांना पूर्ण खात्री हवी त्यांनी ऑइल बदलताना नमुना लॅबला द्यावा. रिपोर्टमध्ये सिलिकॉनचा आकडा चढत असेल, सोबत लोह आणि अॅल्युमिनियमही, तर ती इनटेकची धूळ समजायची. एकट्या सिलिकॉनवर घाबरू नका, नव्या सीलंटमधूनही ते येतं.

घाटवाट

आता स्नॉर्केल. लोकांना वाटतं हे नदी ओलांडायला. त्याचा मोठा फायदा धुळीचा आहे. गाडीच्या चाकांनी आणि पुढच्या ट्रॅक्टरने उडवलेली माती खालच्या उंचीवर दाट असते, छताच्या उंचीवर बरीच विरळ. फिल्टरवर मुळातच कमी माती आली तर तो जास्त दिवस टिकतो. द्राक्षबाग, तुमच्या मुरमाच्या पट्ट्याला हे नेमकं उत्तर आहे.

निफाडकर भाऊ, तुमचं वरचं भांडंही इथेच बसतं. स्नॉर्केलच्या डोक्याच्या जागी सायक्लोन प्रीक्लीनर. हवा गोल फिरते, जड कण कडेला जाऊन भांड्यात पडतात. ते भांडं रिकामं करायची शिस्त हवी, आणि थोडा अडथळा वाढतो. रोज धुळीत असलेल्यालाच त्याचा अर्थ आहे.

पण बसवणं नीट हवं. बाजारात फायबरच्या नकला खूप आहेत आणि त्या फेंडरपर्यंत छान दिसतात, आत मूळ डब्याला जोडच घट्ट नसतो. असा स्नॉर्केल शोभेचा. तपासायचं असं, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून चालू करा, आणि वरच्या तोंडावर सपाट लाकडी फळी दाबा, हात नको. जोड घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला लागतं, लगेच फळी काढा. काहीच फरक पडला नाही तर हवा खालूनच कुठूनतरी येतेय, आणि त्याच वाटेने पाणीही येईल. डब्याच्या तळाला पाणी जाण्यासाठी छोटी रबरी चोच असते, तीही बघा. कोणी ती कापून टाकलेली असते.

मालेगाव४१

स्नॉर्केल असला की गाडी बिनधास्त पाण्यात घालता येते ना?

अंजनेरी_ट्रेल

नाही. नव्या थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याची खोली सांगते आणि ती खोली फक्त हवेच्या तोंडावरून ठरत नाही. डिफरेन्शियल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदर (हवा आत-बाहेर होण्याच्या) नळ्या, वायरिंगचे जोड, पंखा, सगळं त्यात येतं. स्नॉर्केलने यातलं काहीच वर सरकत नाही. आणि वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी गाडी बाजूला ढकलतं. पावसाळ्यात ओहोळावरून पाणी जात असेल तर थांबायचं, बास.

इंजिनात पाणी गेलंच तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा.

विमाताई

इथेच माझं काम सुरू होतं, म्हणून लिहिते. मी विम्याच्या दाव्यांचं काम करते. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाण्याने झालेलं इंजिनचं आतलं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं अॅड-ऑन असतं. ते घेतलं असेल तरी अटी वाचा. पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्ट करून झालेल्या नुकसानीवर वाद होतोच.

दुसरा विषय कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मूळ डब्यात मूळ मापाचा दुसऱ्या कंपनीचा फिल्टर टाकणं म्हणजे झिजणारा भाग बदलणं, त्यात अडचण येत नाही. फेंडर कापून स्नॉर्केल किंवा डबा काढून कोन लावणं हे वेगळं. स्नॉर्केल घ्यायचाच असेल तर आधी पेठ रोडच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. तोंडी कळवलेलं दाव्याच्या वेळी कोणालाच आठवत नाही. गाडी वॉरंटीत असणाऱ्यांनी सर्व्हिस सेंटरकडूनही लेखी घ्यावं.

रॅलीवेडा

विमाताई, धन्यवाद. ही माहिती अॅक्सेसरीच्या दुकानात कोणी देत नाही, आणि द्यायला हवी.

पेट्रोलवेडा

एक शंका. कॉटन आणि कागद यांच्यामधलं काही नाही का? कोरडा पण धुता येणारा?

सातपूरकर

आहे. तेल न लावता चालणारे सिंथेटिक कापडाचे, ड्राय प्रकारचे. एमएएफवर तेल जाण्याची भीती नाही. फोमचेही असतात, त्यातले काही तेल लावायचे, धुळीच्या बाइकना ते खूप वापरतात. पण तुमच्या नेमक्या गाडीचं माप मिळायला हवं आणि विकणाऱ्याने आयएसओ ५०११ चा आकडा दाखवायला हवा. फक्त हवा किती जास्त जाते एवढंच छापलं असेल आणि किती गाळतो ते नसेल, तर मी घेणार नाही.

कागदीमध्ये मात्र निवड सोपी आहे. गाडीच्या कंपनीचा, किंवा मान, बॉश, माहले, प्युरोलेटर, फ्लीटगार्ड अशा फिल्टर बनवणाऱ्यांचा, आपल्या गाडीचा पार्ट नंबर जुळवून. बिल घेऊन, ओळखीच्या वितरकाकडून. नकली फिल्टरचं खोकं हुबेहूब असतं, पण घड्या कमी, कागद पातळ, रबर कडक. जुन्या अस्सल फिल्टरच्या घड्या मोजा आणि नव्याच्या मोजा, दुकानातच.

निफाडकर_शेतकरी

लासलगावला मार्केटच्या आवारात गाडी लावणाऱ्यांनी आणखी एक बघा. कांद्याचा पाला उडून हवेच्या तोंडाच्या जाळीत अडकतो. माझ्या पिकअपमध्ये डब्याच्या खालच्या भागात ओंजळभर निघाला. फिल्टर स्वच्छ, पण हवा येणारच कुठून?

द्राक्षबाग१५

सगळ्यांचे मनापासून आभार. नळीची चाचणी केली, भाच्याने पट्टी धरली. जुन्या मळलेल्या फिल्टरला पाणी चांगलंच सरकलं, नवा कागदी टाकल्यावर पूर्ण थ्रॉटललाही काही बोटंच. सातपूरकर काकांच्या हिशोबाने त्यात मिळवण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यामुळे कागदीच ठेवतोय, धुळीच्या वापरासाठी मॅन्युअलमध्ये जो लवकर बदलायचा टप्पा दिलाय तो पाळणार. डब्याची एक क्लिप सैल होती, ती बदलली. कोन रद्द.

स्नॉर्केलबद्दल आरटीओत विचारतोय, लेखी उत्तर मिळालं तरच. बसवला तर एक प्रश्न. इगतपुरीच्या पावसात तोंड पुढे ठेवायचं की मागे वळवायचं?

अंजनेरी_ट्रेल

चांगल्या स्नॉर्केलच्या पुढे तोंड असलेल्या डोक्यात मागच्या आणि खालच्या बाजूला पाणी निघायच्या फटी असतात. हवा आत वळते, थेंब जड असल्यामुळे भिंतीवर आपटून फटीतून बाहेर जातात. त्या फटी मोकळ्या असतील तर पुढे तोंड ठेवून पावसात चालतं. फटी नसलेलं स्वस्त डोकं असेल तर मागे वळवा. सुकलेल्या पानांच्या, पाल्याच्या रस्त्यावरही मागे बरं. दोन्ही बाबतीत पहिल्या मोठ्या पावसानंतर घरी आल्यावर डबा उघडा, तळाशी बोट फिरवा. ओलावा असला तर रबरी चोच आणि डोक्याच्या फटी तपासा, आणि कागद भिजलेला असेल तर तो वाळवून परत लावू नका, नवा टाका. भिजलेला कागद फुगतो, घड्या चिकटतात, मग वाळला तरी पूर्वीसारखा राहत नाही. जून ते सप्टेंबर एक नवा फिल्टर मी गाडीतच बाळगते, पिशवीत हवाबंद करून.

द्राक्षबाग१५

ताई, पिशवीचं लक्षात ठेवतो. आजच एक जादा मागवला.